एकोणिसावा प्रश्न

घटस्फोटाच्या दाव्यात नवरा-बायकोने एकमेकांना लेखी प्रश्न पाठवायचे आणि शपथेवर उत्तरं द्यायची. माझे प्रश्न आधीच गेले होते. त्यातला चौथा: घराची कडी दिवसातून किती वेळा तपासता? त्याने प्रामाणिकपणे लिहून पाठवलं, सतरा-अठरा वेळा.

"छळ सिद्ध करायला एवढं पुरे," वकीलबाई खूश होत्या.

छळच होता तो. जेवता जेवता उठायचा, आंघोळीतून ओलाच बाहेर यायचा, आणि कडी खट्‌ वाजायची. सासूबाई गेल्यापासूनची सहा वर्षं. डोक्याचा पार भुगा झाला माझ्या. शेवटी वेगळी खोली घेतली, शिलाई मशीन तिकडे नेलं. तर तिथेही मशीन थांबलं की कानात खट्‌! मागोमाग सासूबाईंच्या सपाता जिन्याकडे फरफटत जाणार. त्या माझी पाठ सोडत नव्हत्या.

शेवटी शेवटी त्यांना स्वतःचं घरही ओळखू येईना. म्हणून दाराला उंचावर कडी बसवली होती, त्यांचा हात पोचू नये अशी. एका दुपारी त्या तरीही निघून गेल्या आणि दुसऱ्या दिवशी कालव्यात सापडल्या. 'कडी माझ्याकडूनच राहिली,' असं तो सगळ्यांना सांगत राहिला. मी ब्र काढला नाही.

आता त्याचे प्रश्न आले होते. अठरा त्याच्या वकिलाचे, टाइप केलेले. एकोणिसावा त्याने हाताने लिहिला होता.

"आई गेली त्या दुपारी मी जेवायला घरी आलो, तेव्हा कडी लावली होती का? मला आठवत नाही. तू समोर होतीस."

"'आठवत नाही' लिहा," वकीलबाई म्हणाल्या. "दाव्याशी काही संबंध नाही याचा."

संबंध नाही म्हणे! मी पेन उचललं आणि लिहिलं.

"लावली होतीस. तू आडवा झाल्यावर एक गिऱ्हाईक कपडे न्यायला आलं. दार मी उघडलं. काम अर्धं होतं म्हणून तशीच मशीनवर बसले. कडी माझ्याकडून राहिली."

"अहो, मग छळ कुणाचा?" वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. "केस गेली समजा."

मी सही केली. "हे त्याला कधी मिळेल?"

"पुढच्या तारखेला. महिनाभराने."

महिनाभर. रोज सतरा-अठरा वेळा.

मी कागद उचलला आणि चपला घातल्या.