ग्लासगोचा आवाज

"अम्मी, तू हो म्हणालीस तरच निकाह," असं रय्यानने दुबईहून सांगून टाकलं, तेव्हापासून जहुराच्या जिवाला घोर लागला होता. मुलगी आफिया, त्याच्याच दवाखान्यात नर्स. घराणं इथलंच, दिघीचं, पण ती वाढली ग्लासगोत. एकदा रय्यानच्या फोनवर मागून तिचा आवाज ऐकू आला होता. इंग्रजीत कुणावर तरी अशी कडाडत होती, की जहुराला वाटलं, ही सून आली तर घरात रोजचीच भांडणं.

आज आफिया आगरदांड्याहून फेरीबोटीने भेटायला आली होती. इंग्रजी कळावं म्हणून जहुराने शेजारच्या रश्मीला, शाळेतल्या बाईंना, मुद्दाम बोलावून घेतलं होतं.

"चहा मी करते, खाला," म्हणून आफिया आत गेली आणि तेवढ्यात तिच्या भावाचा फोन आला. पुन्हा तेच! प्रत्येक 'र' दगडावर घासल्यासारखा, शब्द एकमेकांच्या अंगावर पडणारे.

"भांडते ना गं?" जहुरा कुजबुजली.

रश्मीने कान दिला. तिलाही अर्धंच कळत होतं. "न्हाय चाची. आजीचे गुडघे कसे आहेत, विचारते. पण हे इंग्रजी काय शुद्ध न्हाय हो. टीव्हीवरचे इंग्रज असं बोलत न्हाईत. शिकलेल्या माणसाचं वाटतच न्हाय."

"टीव्हीवरचे मराठी तरी आपल्यागत कुठं बोलतात? मग तू शिकलेली न्हाय काय?"

रश्मी हसली आणि मग ओशाळली. पुण्याला डी.एड.ला असताना मुली तिला मुद्दाम बोलायला लावायच्या आणि ओढणीआड हसायच्या. पहिलं वर्ष तिने जवळजवळ मुक्याने काढलं होतं. हे चाचीला तिनेच तर सांगितलं होतं.

आफिया कप घेऊन आली. जहुराने सरळच विचारलं, "तुझ्या बोलण्याला कोण हसत न्हाय काय गं?"

"हसतात की! लंडनवाले म्हणतात, ग्लासगोची माणसं बोलायला लागली की मारामारी चालल्यासारखं वाटतं."

जहुराने चोरी पकडली गेल्यासारखी नजर खाली वळवली. "मग तू काय करतेस?"

"दवाखान्यात जपून बोलते, खाला. सावकाश, त्यांच्यासारखं. संध्याकाळी जबडा दुखतो. घरी मात्र अशीच."

"आन आत्ता, माझ्या घरात?"

आफिया गोंधळली. "आत्ता... जपायचं विसरलेच."

जहुराने चहाचा घोट घेतला. आलं जरा जास्त झालं होतं, तरी तिने दुसरा घोट घेतला.

"रश्मी, रय्यानला फोन लाव," ती म्हणाली. "सांगते त्याला, पोरगी हितं घरच्यासारखी बोलते."