लागू नसेल ते खोडावे

खुनी माणसाला फासावर चढवावं की जन्मभर तुरुंगात ठेवावं, हा मानवजातीला शेकडो वर्षं छळणारा प्रश्न आमच्या कोपरखैरण्याच्या ज्येष्ठ नागरिक संघाने येत्या रविवारी संध्याकाळी पाच ते साडेसहा या वेळात कायमचा निकालात काढायचं ठरवलं होतं. साडेसहाला हॉल झुंबावाल्या बायकांना द्यायचा होता.

खरं तर विषय होता 'गुडघेदुखी आणि आहार'. पण व्याख्यान देणाऱ्या डॉक्टरीणबाईंचेच गुडघे धरले आणि त्यांनी आयत्या वेळी कळवलं की तिसऱ्या मजल्यावर येणं जमणार नाही. आमचे अध्यक्ष सिताराम साळवे म्हणाले, "मग वादविवाद ठेवू. त्याला डॉक्टर लागत नाही." साळवे चौतीस वर्षं कोर्टात होते, शिरस्तेदार म्हणून निवृत्त झाले. कोर्ट सुटलं, भाषा सुटली नाही. घरीसुद्धा "सदर चहात साखर कमी आहे" असंच म्हणतात. त्यांनी जन्मठेपेची बाजू घेतली. फाशीची बाजू राजश्रीबाईंनी मागून घेतली. बाई शाळेत गणित शिकवायच्या. हयातभर मुलांना नापास केल्यामुळे त्यांचा हात कचरत नाही.

मी संघाचा सेक्रेटरी. म्हणजे खुर्च्या मांडतो आणि उचलतो.

शनिवारी सकाळी मी फळ्यावर विषय लिहीत होतो, तर मागे गोटीरामशेठ मढवी येऊन उभे. हातात प्लास्टिकचं फोल्डर. गोटीरामशेठ इथल्या मूळ गावचे. एके काळी भातशेती आणि मिठागर, आता गावठाणात चार मजली बिल्डिंग आणि चौदा भाडेकरू. संघाचे सभासद आहेत, पण येतात फक्त पंधरा ऑगस्टला.

त्यांची हकिगत इथे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे कोणी बोलत नाही. पंधरा वर्षांपूर्वी ही बिल्डिंग बांधायची ठरली, तेव्हा त्यांच्या दोन मुलांत वाद झाला. जिना डाव्या अंगाला घ्यायचा की उजव्या. थोरला केतन म्हणत होता डाव्या, धाकटा सुयश म्हणत होता उजव्या. केतनच्या हातात पहार होती. सुयश सव्वीस वर्षांचा होता. केतनला जन्मठेप झाली. पुढे बिल्डिंग उभी राहिली, ठेकेदाराने कोणाला न विचारता जिना मधोमध घेतला, आणि कोणाची काही तक्रार आली नाही.

"सेक्रेटरी, हे वाचून दाखव," गोटीरामशेठ म्हणाले.

दोन कागद होते. केतनला आत चौदा वर्षं झाली. आता त्याला मुदतीआधी सोडायचं की नाही, याची फाईल निघाली होती. त्यासाठी पोलीस दोघांचे जबाब घेणार होते. पहिला कागद मयताच्या जवळच्या नातेवाइकाचा: 'बंद्याच्या सुटकेस माझी हरकत आहे / नाही. लागू नसेल ते खोडावे.' दुसरा बंद्याच्या नातेवाइकाचा: 'सुटकेनंतर बंद्यास घरी ठेवून घेण्यास मी तयार आहे / नाही. लागू नसेल ते खोडावे.'

"दोन्ही माझेच नावावर आलेत," गोटीरामशेठ म्हणाले. "हवालदार बोलला, येका मानसानी दोन्हीकडं सही नाय कराची. वरचे सायेब समजतील चुकी झाली, फाईल परत येल. तो बोलला, येक तुमी घ्या, येक काकूंना द्या. तुमी मयताचे व्हा, काकूंना आरोपीच्या होऊ द्या."

"मग?"

"भागीनं लगेच केतनचा उचलला. बोलली, मेल्याला जेवाला लागत नाय, जित्याला लागतं. आंगठापन दिलान. मना ऱ्हायला सुयशचा." भागी म्हणजे भागीरथीवहिनी, त्यांची बायको. गोटीरामशेठनी पहिला कागद पुन्हा माझ्याकडे सरकवला. "आता मी फक्त सुयशचा बाप. केतनचा नाय. तसं धरून सांग, काय खोडू?"

मी चष्मा पुसला.

"हरकत हाय बोललो, तं भागी मरंपरयंत माझ्याशी बोलनार नाय. हरकत नाय बोललो, तं..." ते थांबले. "सुयश तं तसापन बोलत नाय."

अशा प्रसंगी कुठल्याही जबाबदार पदाधिकाऱ्याने जे केलं असतं तेच मी केलं. फळ्याकडे बोट दाखवलं आणि म्हणालो, "उद्या पाचला या. दोन्ही बाजू ऐका. विषय तुमचाच आहे."

त्यांनी फळा हळूहळू वाचला. "इथं ठरनार हाय?"

"मतदान आहे शेवटी," मी म्हणालो.

"मंग येतो. कागद सोमवारी द्याचा हाय."

रविवारी ते पावणेपाचलाच आले. धुतलेला पांढरा शर्ट, पहिल्या रांगेत मधली खुर्ची, मांडीवर फोल्डर, हातात पेन. इतकी वर्षं मी कार्यक्रम घेतो आहे, पण ज्याला उत्तर पाहिजे आहे असा श्रोता पहिल्यांदाच बघत होतो. मला जरा धास्तीच वाटली.

राजश्रीबाईंनी सुरुवात केली. "मित्रहो, जन्मठेप म्हणजे काय? खुन्याला सरकारने दिलेली सेवानिवृत्ती! वेळेवर जेवण, वेळेवर झोप, फुकट डॉक्टर, आणि बोलायला चोवीस तास माणसं!" टाळ्या पडल्या. पण 'बोलायला माणसं' म्हटल्यावर मागच्या रांगेतले तीन-चार चेहरे विचारात पडले, हे मी पाहिलं.

साळवे उठले. "सदर खुनी इसम निरपराध असल्याचं मागाहून आढळल्यास फाशी रद्द करता येते. परंतु इसम परत आणता येत नाही. तशी तरतूद नाही." यालाही टाळ्या. आमच्याकडे टाळ्यांचा व्यायाम डॉक्टरांनीच सांगितलेला आहे.

"आणि ज्याचा जीव गेला त्याचं काय?" राजश्रीबाई जागेवरून कडाडल्या. "तो येतो का परत पॅरोलवर? ज्याचा मुलगा गेला, त्या बापाला विचारा ना!"

बोलून गेल्या, आणि मग त्यांच्या लक्षात आलं. बेचाळीस माणसांनी गोटीरामशेठकडे पाहिलं.

"ज्याचा मुलगा आत आहे, त्या बापालाही विचारा!" साळवे तावातावाने म्हणाले. माना दुसरीकडे वळायला निघाल्या होत्या, त्या तशाच परत त्याच खुर्चीवर आल्या.

गोटीरामशेठ उभे राहिले. कोणीतरी माईक दिला, तो त्यांनी पेनासारखा धरला.

"मी उत्तर द्याला नाय आलो, घ्याला आलो," ते म्हणाले. "फाशी का जल्मठेप, ते कोर्टानं तवाच सांगलं. ते मना म्हाईत हाय. मी कोर्टान बसलो व्हतो, दोन्हीकडचे वकील माझेकडं बघून बोलाचे. पन जल्मठेप सरल्यावं काय? तो येल. बेल वाजवील. मी दार उघडनार. मंग काय बोलाचं? 'ये' बोलाचं का?"

ते माईक धरून वाट बघत राहिले. खरोखरच वाट बघत होते. आमच्यात दोन निवृत्त प्राचार्य आहेत, एक ध्यानवर्ग घेणारे गृहस्थ आहेत, एकांचा मुलगा कॅनडात आहे. सगळे साळवेंकडे बघायला लागले.

"सदर मुद्दा," साळवे शेवटी म्हणाले, आणि त्यांचा आवाज इतका खाली गेला की मलाच पुढे होऊन ऐकावं लागलं, "सदर मुद्दा आजच्या विषयपत्रिकेवर नाही, गोटीरामशेठ."

"बरं," म्हणून ते बसले.

मतदान झालं. फाशीच्या बाजूने सत्तावीस, जन्मठेपेच्या बाजूने अकरा, झोपलेले दोन, तटस्थ तीन. गोटीरामशेठना मी तटस्थांत धरलं, कारण दुसरा रकाना नव्हता. राज्यसंस्थेला जीव घेण्याचा अधिकार सोळा मतांनी बहाल झाला. दारात झुंबावाल्या बायका स्पीकर घेऊन उभ्याच होत्या.

खाली फाटकापाशी राजश्रीबाईंनी गोटीरामशेठना गाठलं. डोळे भरले होते. "गोटीरामशेठ, मी विषय म्हणून बोलले हो. तुमच्या घरावर नाही."

"बाय, तू बरोबर बोललीस," गोटीरामशेठ म्हणाले. "तो साळवेपन बरोबर बोलला. म्हनून तं पंचाईत हाय."

मला वाटलं होतं, ते तासभर टिपणं घेत होते. फोल्डरवर नजर गेली तर त्यांनी पेनाने एक घर काढलं होतं, मुलं काढतात तसं, आणि त्याला उजव्या अंगाला जिना.

सोमवारी सकाळी त्यांनी मला साक्षीदार म्हणून बोलावलं. हवालदार बाजीराव आधीच येऊन सोफ्यावर बसले होते. साताऱ्याकडचा माणूस, घाम पुसत होता.

"काका, नको ते खोडा आन् सही ठोका," ते म्हणाले. "मला आज अजून तीन खून हायेत."

भागीरथीवहिनी स्वयंपाकघराच्या दारात आमच्याकडे पाठ करून उभ्या होत्या. पलीकडची खोली त्यांनी रिकामी करून ठेवली होती. नवी चादर, नवा पंखा, टेबलावर दाढीचं सामानसुद्धा. मच्छीवालीला जिताडा सांगून ठेवला आहे, असं त्यांनी मला जिन्यातच सांगितलं होतं.

"काकू, एवढ्यात नका," बाजीराव म्हणाले. "ह्यो नुस्ता जबाब हाय. फाईल इथनं जेलला, तिथनं मंत्रालयात. सहा महिनं कुठं गेलं नाहीत. आन् नामंजूर बी हुती."

"सहा महिने म्हंजी दिवाली," वहिनी पाठमोऱ्याच म्हणाल्या. नामंजूर हा शब्द त्यांनी घेतलाच नाही.

भिंतीवर सुयशचा फोटो होता. त्यातला मुलगा आता गोटीरामशेठच्या मुलापेक्षा नातवाच्या वयाचा दिसत होता. गोटीरामशेठनी फोटोकडे पाहिलं नाही. मी पाहिलं, म्हणून सांगतो.

"हवालदार," त्यांनी विचारलं, "यातला येक खोडला, की दुसरा खरा व्हतो का?"

बाजीरावांनी रुमाल खाली ठेवला. असा प्रश्न त्यांना नोकरीत कोणी विचारला नसावा. "कागदावर व्हतो," ते म्हणाले.

गोटीरामशेठनी कागद सरळ केला. 'आहे' या शब्दावर एक रेघ मारली. मग तिच्यावर दुसरी. मग खाली 'मयताशी नाते' या जागी थांबले, आणि एक एक अक्षर बसवत लिहिलं, 'वडील'. सही केली. मी साक्षीदार म्हणून केली. स्वयंपाकघरात भांडं वाजलं आणि गॅस पेटल्याचा आवाज आला.

बाजीरावांनी कागद उचलला. "लई मोठं मन केलंत काका. क्षमा करणं सोपं नसतंय."

"क्षमा नाय केली," गोटीरामशेठ म्हणाले. "हरकत नाय बोललो. तवढंच इचारलंय तुमचे कागदान."

बाजीरावांनी कागद उलटून मागची बाजू पाहिली. तिथे काही छापलेलं नव्हतं. त्यांनी दोन्ही जबाब एकमेकांना टाचले, चहा उभ्याने घेतला आणि पुढच्या खुनाला गेले.

वहिनींनी मला चहा दिला, नवऱ्याला दिला. पंधरा वर्षांत प्रथमच, असं शेजारचे सांगतात, त्या नवऱ्याच्या बाजूच्या खुर्चीवर बसल्या. "तुमी पन घ्या ना बिस्कुट," त्या त्यांना म्हणाल्या. गोटीरामशेठनी बिस्कीट घेतलं आणि हातात धरून ठेवलं.

ते मला सोडायला खाली आले. वाटेत मी एक वाक्य जुळवत होतो. माणुसकी, काळ, जखम असे शब्द त्यात होते आणि ते कुठेही म्हणण्यासारखं चांगलं झालं होतं. फाटकाशी आलो. मी तोंड उघडणार, तोच त्यांनी माझ्या दंडाला धरलं.

"सेक्रेटरी, येक काम व्हतं. तिकडं लांब उलव्याला तुझे वळखीत येखादी खोली हाय का? भाड्यानी. येका मानसाला."

"केतनसाठी? अहो, त्याला तर वहिनींनी..."

"तो इथंच ऱ्हानार, आयशीकडं. मना पायजे."

"तुम्हाला?"

"येके घरान ऱ्हायलो, तं जेवाला त्याचे समोर बसाला लागंल," ते म्हणाले. "दिवालीपरयंत बघ. मोठी नको. फकस्त संडास आतमंदी पायजे, रातचं दोनदा उठाला लागतं."