सात तासांचं पाणी

माही सासू कस्तुराबाई मराले भेणारी नव्हती. तिले फकस्त धाकट्या लेकाच्या, जगदेवच्या हातचं पाणी तोंडात पाहिजे होतं. न् हा बाप्पा नोकरीले न्यूयॉर्कात!

जाताना त्यानंच तिले समजावलं होतं, "माय, लंडन ते न्यूयॉर्क साडेतीन हजार मैल नुसतं पाणी हाय. पण विमानानं सात तास लागते." म्हातारी हसली. "सात तास! अरे, मी लगनाच्या दिवशी छकड्यात बसून आली, तवा याहून जास्त लागले होते." लंडनपर्यंतचा पल्ला तिनं धरलाच नाही, सात तास तेवढे डोक्यात बसले. खाटेले खिळली, अन्न सुटलं, तरी म्हणे, "तार करा. येते तो."

आमच्या मालकांनी, म्हंजे तिच्या थोरल्या लेकानं, मालेगावच्या पोस्टातून तार ठोकली. आई सिरीयस, लवकर ये.

आता सांगा, यात काय चुकलं? खरं तेच लिवलं. पण आमच्याकडं खरं लिवाची सवय कोणाले हाय? माणूस मेलं तरी तारेत 'सिरीयस'च लिवतात, वाचणाऱ्यानं धसका घेऊ नये म्हणून. माहा सासरा गेला तवा नागपूरले शिकणाऱ्या जगदेवले अशीच तार गेली होती. लेकरू धावत आलं, तं मसणात राखच उरली होती. तो ते कसं इसरन?

इकडं म्हातारी दाराकडं तोंड करून पडली. पाण्याचा चमचा पुढं केला की दात आवळे. "थांब न वो वच्छले. येऊन राह्यला तो."

चौथ्या रोजी दुपारी उकंडराव पोस्टमन तार घेऊन आला. मी हात पुढं केला, पण त्या बेट्याले आपलं इंग्रजी दाखवाची भारी हौस! ओसरीतूनच मोठ्यानं वाचली न् मराठीत फोडून सांगितली. माय गेल्याचं समजलं. मी पोचेपर्यंत तुम्ही थांबणार नाही, म्हणून येत नाही. इथंच डोकं भादरलं. तेरवी चांगली करा.

"वाचू नको ना रे मुडद्या!" मी बोंबलली. उशीर झाला होता.

म्हातारी रडली नाही, चिडली नाही. माह्याकडं पाहून इचारलं, "सातच तास तं लागते. तेरवीले तरी येईन का वो तो?"

"येते नं, आत्याबाई. येते." खोटंच बोलली मी. दुसरं काय बोलणार होती?

तिनं दाराकडून तोंड फिरवलं. मी चमचा पुढं केला, तवा मुकाट्यानं प्याली. माह्याच हातचं. दिवेलागणीच्या आधी गेली.

मालकांनी जोडे घातले, मालेगावच्या बसले निघाले, न् ओट्यावरच खाली बसले. "वच्छला, तारेत आता लिवू काय?"

मले असा संताप आला!

"काय लिवता? त्याचं रडून झालं. डोकं बी भादरून झालं. लाकडं पाहा आता."