उसने हात

लेकीचा प्रयोग बघायला घड्याळजी आले, ते स्वतःचा चिमटा खिशात घालूनच.

"तुझ्या नाटकात मला काय करायचंय?"

"नाटक नाही, बाबा. तुमचं रोजचंच काम, फक्त सावकाश. या चष्म्यात तुमच्या हातांच्या जागी माझे हात दिसतील. तुम्ही कराल तेच मी करणार."

"म्हणजे या वयात मला नेलपॉलिश लावणार तू."

दोघं टेबलाशी समोरासमोर बसली. दोघांपुढे एकसारखी उघडी घड्याळं, तिच्या कपाळावर कॅमेरा, त्यांच्या डोळ्यांवर तो जाडजूड चष्मा. चार वर्षांत तिने नर्स, गवंडी, सुतार अशा कितीतरी जणांच्या हालचाली उचलल्या होत्या. जरा मागे पडलं की चष्मा लावून बसलेल्या पाहुण्याला ते हात परके वाटू लागतात. म्हणून ती विचार करतच नसे; नुसती बघे आणि करे.

त्यांनी चिमट्यात स्क्रू उचलला. तिनेही.

"कॅमेरा सैल झालाय का गं?" पडद्यामागची तंत्रज्ञ मैत्रीण तिच्या कानातल्या यंत्रात कुजबुजली. "चित्र थरथरतंय."

कॅमेरा घट्ट होता. तिला कळायच्या आधीच तिच्या हाताने बाबांची थरथर उचलली होती.

दोन महिन्यांपूर्वी दुकान बंद करताना ते म्हणाले होते, "कंटाळा आला." तिने ते खरं मानलं होतं. तेव्हापासून ते चहा अर्धा कपच घेत. तिला वाटे, पथ्य असेल.

थरथर गाळून बाकीची हालचाल तेवढी करणं तिला जमलं असतं. घटकाभर त्यांना पूर्वीचे हात मिळाले असते. पण चष्मा काढल्यावर ते पुन्हा त्या कंटाळ्याआड जाऊन बसले असते. तिने हात थरथरू दिला.

दोघांच्याही चिमट्यांतून स्क्रू निसटले.

"तुझा हात का हलतोय?"

"तुमचा हलतोय म्हणून."

मग त्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट धरलं. तिनेही आपलं धरलं. थरथर मंदावली.

"असं धरलं की जरा थांबतं," ते म्हणाले.

"मला का नाही सांगितलंत?"

"लगेच डॉक्टरकडे नेलं असतंस."

"नेणारच आहे. उद्या."

"परवा जाऊ."

"परवा रविवार आहे, बाबा."

"म्हणून तर म्हणतोय." ते किंचित हसले. "बरं, उद्या. आधी स्क्रू शोध."

ती टेबलाखाली वाकली. त्यांच्या चष्म्यातही फरशी जवळ आली.

"डावीकडे," वरून ते म्हणाले. "खुर्चीच्या पायाशी बघ."