क्रियापदांच्या शेपट्या

फिनलंडहून सुट्टीला आल्यापासून तहरीम बापाशी तुटक बोलत होती, आणि चूक सगळी मुस्तफाचीच होती. गेल्या वर्षी इथे आखातात, खैतानच्या हॉलमध्ये, कोकणी मंडळींचा मेळावा झाला. बाहेर शिकणारी मुलं काय शिकतात ते आईबापांनी माइकवर सांगायचं, ही तिथली रीत. मुस्तफाने बेधडक ठोकून दिलं, कॉम्प्युटर. फिन्निश आणि तिच्या बहीणभाषांत क्रियापदांचे शेवट हजारो वर्षांत कसे घडले, हे चारचौघांत सांगायची त्याला लाज वाटली. बायकोने, फरहतने, ही गंमत म्हणून लेकीला फोनवर सांगून टाकली. पोरीच्या ते जिव्हारी लागलं.

यंदा ती मेळाव्याला आली, पण मागच्या रांगेत बसली. माइकपाशी फिरकणार नाही, हे तिने घरीच बजावलं होतं. मुस्तफा शुऐबा बंदराला माल पोचवणारी गाडी चालवतो. त्या रस्त्यावर तिची विद्यापीठातली भाषणं फोनवर लावून लावून त्याने पाठ केली होती. तौबा म्हणा हवं तर.

नाव पुकारलं तेव्हा तो माइकपाशी गेला. म्हणाला, माझी लेक क्रियापदांच्या शेपट्यांचा अभ्यास करते. हॉलमध्ये खसखस पिकली. त्याने रेटून नेलं. तिकडे ‘मी’, ‘तू’, ‘आम्ही’ हे शब्द एके काळी क्रियापदाच्या मागे मागे चालत. चालता चालता झिजले आणि त्यालाच चिकटून बसले. हसणं थांबलं. आपल्या हातच्या सांदणांपलीकडे कशाचं कौतुक नसलेली शहरबानू चाचीसुद्धा कान देऊन ऐकू लागली.

मग मुस्तफा ठासून म्हणाला, "आणि ‘ते’ पण असंच चिकटलं."

मागे खुर्ची करकरली. "अब्बा, दॅट्स राँग."

"मग तूच सांग गो."

तहरीम तरातरा पुढे आली. ‘ते’ चिकटलंच नाही, म्हणाली. ‘ते जातात’ म्हणायला जुनी माणसं नुसतं ‘जाणारे’ म्हणत, आणि त्यातलाच तुकडा पुढे शेपटी झाला. मग ती बोलतच सुटली. सांदणं निवली, दोघेतिघे जेवायला सटकले, पण शहरबानू चाची जागची हलली नाही.

टाळ्या घेऊन खाली उतरल्यावर तहरीमने बापाचा दंड धरला. "हे माझ्या पहिल्याच भाषणात आहे, अब्बा. ऐकलं नव्हतं?"

"रोज ऐकतो."

ती बघतच राहिली. "मग मुद्दाम चुकलात?"

"दुसऱ्या कशाने तू उठली नसतीस," मुस्तफा म्हणाला.