बिलाच्या प्रिंटरमधले हे

सोमवारी सकाळी माझ्या नवऱ्याचा डावा कान ठिपके ठिपके होऊन चहाच्या बशीत गळला. यांनी बशी माझ्यापुढे सरकवली. "कुमुद, हे तेवढं जपून ठेव," म्हणाले.

कुठे ठेवायचं ते मला माहीत होतं. आमच्या बेकरीतल्या बिलाच्या प्रिंटरला मराठी येत नव्हतं. एकेक अक्षर मीच चौकटीच्या कागदावर ठिपक्यांनी काढलं होतं, रांगोळी काढावी तसं. मग ठिपक्यांचे आकडे करायचे, पुढे प्रिंटरला हुकूम देणारा कंट्रोल कोड जोडायचा आणि आत पाठवायचं. आत जागा मोजक्या. नवं कुणी बसवायचं तर जुन्याला उठवावं लागतं.

कानासाठी मी ञ उठवला. त्याला आमच्या दुकानात कुणी विचारत नव्हतं. कळ दाबली तशी बशी रिकामी झाली आणि पुढच्या बिलावर रकमेशेजारी यांचा कान छापून आला. मी बिल तोंडाजवळ नेऊन विचारलं, "दुखतंय का?"

"नाही," हे भट्टीजवळून म्हणाले.

मग भुवया गेल्या, खांदे गेले. हातांची पाळी आली तेव्हा बिनकामाची अक्षरं संपली होती. मी ख दिला. त्या दिवसापासून भट्टीतून खारी निघेना. मैदा तोच, तूप तेच, पण ट्रे रिकामा बाहेर यायचा.

"खारी नाही का गं?" समोरच्या शेवंताकाकूंनी विचारलं.

"नाही. यांचे हात ठेवायचे होते."

"मग बरोबर आहे. बटर दे."

छातीसाठी ब गेला. त्याबरोबर बटर गेले, बिस्किटं गेली, आणि बेकरीही आखडत आखडत काउंटरापुरती उरली. मी, प्रिंटर, पावाची एक लादी आणि स्टुलावर यांचं तोंड, एवढेच आत मावत होतो.

"सगळंच देऊन बसशील. मग खाशील काय?" तोंड म्हणालं.

"तुम्हाला काय करायचंय? आत व्हा."

खरं सांगते, दुकानाचं मला काडीचंही वाटत नव्हतं. मला हे हवे होते. भांडायला तरी.

बुधवारी संध्याकाळी हे पूर्ण आत गेले. प्रिंटर गुरगुरला, घोरताना हे करतात तसाच. मी त्याच्यावर हात ठेवून बसले आणि सोमवारनंतर पहिल्यांदा पोटभर जेवले.

प्रिंटरची आठवण विजेवर असते. लाइट गेली की मी काढलेलं सगळं पुसलं जातं. अक्षरांचं एक वेळ ठीक, त्यांचे कागद जवळ होते, पुन्हा पाठवता येत. यांचे ठिपके मी कुठेच उतरवले नव्हते. बशीतून थेट आत घेतले होते, घाईत.

गुरुवारी आमच्याकडे दुरुस्तीसाठी लाइट जाते. गेली. इन्व्हर्टर सुरू झाला आणि लगेच केविलवाणा ओरडू लागला. बॅटरीत पाणी घालायचं काम यांचं. या आठवड्यात घालायचं होतं, पण त्याआधीच हात गेले.

यांचे ठिपके कागदावर तरी उतरावेत म्हणून मी सगळ्या जागा एकदम छापायची आज्ञा दिली. हातापासून सुरुवात केली. कागद कोमट निघाला. आधी बोटं आली, मग तळवा, मनगट, त्यावरचा भट्टीचा डाग. मी बोटं हातात घेतली. कोपराशी येऊन प्रिंटर थांबला. इन्व्हर्टरही गप्प झाला.

शेवंताकाकू पाव घेऊन उभ्या होत्या. "फाड की गं बिल," त्या म्हणाल्या.

"थांबा काकू. हे अजून आत आहेत."

"लाइट तर गेली."

"हो."

काकूंनी पिशवी खाली ठेवली आणि कागद मधे लोंबू नये म्हणून खालून तळहात धरला.

कागदावरच्या बोटांनी माझी बोटं घट्ट धरली, आणि मला हळूच प्रिंटरकडे ओढलं.