पाच भोकांचं बटण

"मागे सरका! जरा मागे सरका! आत्म्याला रेटारेटी सोसत नाही!"

भिंगबाबा घसा फोडून सांगत होते आणि गर्दी पुढेच सरकत होती. सैनिकांच्या दफनभूमीच्या फाटकाशी दर रविवारी सकाळी हा प्रकार चालायचा. गेल्या रविवारी काढलेले फोटो बाबा या रविवारी वाटायचे. पाकिटातून एकेक फोटो बाहेर यायचा आणि एखादी आई, एखादी बायको तोंडावर हात ठेवून मटकन खालीच बसायची. "आला गं बाई! माझा आला!"

आणि खरंच, फोटोत तो असायचा. पुढे निनावी कबरीचा दगड, मागे हिरव्या झाडोऱ्याचं, फोटोत काळंभोर दिसणारं कुंपण, आणि त्या काळोखात धुरासारखा फिकट चेहरा. डोळे, नाक, मिशी, सगळं ओळखू येईल इतकं स्वच्छ. लढाईत गेलेला, कुठे पुरलाय तेही धड माहीत नसलेला पोरगा आपल्या कबरीवर उभा!

बाबांच्या गळ्यात एक जुना पेटीसारखा कॅमेरा लोंबकळत असायचा. पोटाशी धरायचा, वरून मान घालून काचेत बघायचं. आत रुंद फिल्म, एका रोलवर बारा फोटो.

"तुमच्या मोबाइलला काय दिसतं?" बाबा विचारायचे. "जिवंत माणसं! ते आकड्यांचं यंत्र आहे हो, आत्म्याला आकडे कळत नाहीत. आत्म्याला चांदी लागते. या फिल्मवर चांदी आहे. चांदी शुद्ध, आत्मा शुद्ध. शुद्धाला शुद्ध ओळखतं!"

लोक माना डोलवायचे. बोलणाऱ्याची बोरं विकली जातात, ते उगाच नाही. फिल्मवर चांदी असते हे खरंच आहे. अशा लोकांचं कसब हेच, अर्धं वाक्य खरं बोलायचं.

हे मी सांगतोय कारण मी अडतीस वर्षं एका फोटो स्टुडिओच्या डार्करूममध्ये काढली आहेत. फोटो धुण्याच्या रसायनाने, डेव्हलपरने, माझी नखं तपकिरी झाली ती आजतागायत तशीच आहेत. लाल दिव्याखाली हजारो चेहरे ट्रेमध्ये वर येताना पाहिलेत मी, त्यातले कितीतरी नंतर वारले. एकही परत आला नाही. त्यामुळे बाबांचं मला हसू यायचं. माझी थोरली बहीण त्या रांगेत जाऊन उभी राहिली, त्या दिवसापासून हसू आलं नाही.

ताईचा एकुलता एक मुलगा, माझा भाचा, आठ वर्षांपूर्वी लढाईत गेला. गाडी पेटली, आतले सगळे जळाले. कोण कोणता ते कुणालाच सांगता आलं नाही. त्या लढाईत ओळख न पटलेल्या अशा तीस जणांना दोन ओळींत पुरलं आणि प्रत्येक दगडावर एकच मजकूर कोरला, "एक सैनिक". खाली नंबर. एक ते पंधरा पहिली ओळ, सोळा ते तीस दुसरी, मध्ये पायवाट. त्या तिसांत आपला आहे की नाही, असला तर कुठला, हे ताईला माहीत नव्हतं. ती दर महिन्याला जायची आणि पायवाटेच्या टोकाशी उभी राहून परत यायची. "कुणापुढे थांबू रे?" असं एकदा तिने मला विचारलं होतं. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

भिंगबाबांकडे होतं. "मुलाचा एखादा फोटो तीन दिवस द्या," बाबा म्हणाले. "कॅमेऱ्याशेजारी काळ्या कापडात ठेवतो. कॅमेऱ्याची आणि त्याची ओळख पटली पाहिजे ना! नाहीतर भलताच यायचा."

ताईने भिंतीवरची तसबीर काढून दिली. तो फोटो माझ्याच हातचा. भाचा भरती व्हायच्या आदल्या दिवशी आमच्या स्टुडिओत काढलेला.

दीड आठवड्याने ताई पाकीट घेऊन माझ्या स्वयंपाकघरात आली. चहा टाकायचीही उसंत दिली नाही. "बघ! सत्तावीस नंबर! माझं बाळ सत्तावीस नंबरला आहे!" ती रडत होती आणि हसत होती. मी भिंग काढलं, फोटो खिडकीशी नेला आणि पाहिलं. भाचाच होता. शर्टाची कॉलर नीट बंद होती. कॉलरच्या बटणाला पाच भोकं होती.

आता हे बटणाचं सांगायलाच हवं. त्या दिवशी स्टुडिओचा जिना चढताना भाच्याच्या कॉलरचं बटण तुटलं. ताईने ते पर्समध्ये टाकलं आणि सुईदोऱ्यासाठी कासावीस झाली. मी म्हटलं, "राहू दे गं, मी फोटोत लावून देतो." बारीक ब्रश घेतला आणि मोठ्या फोटोवर कॉलरपाशी बटण रंगवलं. घाई होती, भोकांचे ठिपके चारऐवजी पाच पडले. चौकटीत घातल्यावर लक्षात आलं. भाचा पोट धरून हसला. "मामा, या बटणाला दोरा जास्त लागणार! आईला सांगू नकोस हं." ते पाचवं भोक जगात आम्हा दोघांनाच माहीत होतं. एक मेला होता, दुसरा स्वयंपाकघरात भिंग घेऊन उभा होता.

तेव्हाच बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "छान आलाय."

का? तर ताई त्या संध्याकाळी पोटभर जेवली. केस विंचरले. दर रविवारी घडीचं स्टूल घेऊन सत्ताविसापुढे बसायला लागली, आठवड्याची हकीकत त्याला सांगायला लागली. मी मनाची समजूत घातली की ही दया आहे. दया कसली! भित्रेपणा होता. वर्षभर मी तोंडाला कुलूप लावून बसलो आणि वर्षभर बाबांची रांग वाढत गेली.

मग सरकारी कचेरीतून पत्र आलं. निनावी कबरी उघडणार, हाडांची तपासणी करणार आणि जुळेल त्याचं नाव दगडावर कोरणार. आईची सही हवी, आईच्या थुंकीचा नमुना हवा, तोही महिनाअखेरच्या आत. मी कचेरीत जाऊन विचारलं, माझा नमुना चालेल का? कारकून म्हणाला, "नमुना चालेल हो, पण सहीशिवाय कागद पुढे सरकत नाही. आई हयात आहे ना? मग आईचीच सही."

ताईने पत्र वाचलं आणि घडी करून डब्याखाली सारलं. "मी नाही सही करायची. माझा सापडलाय."

"ताई, अगं पण..."

"बाबा म्हणाले, कबर उकरली की आत्मा भटकतो. परत कधी फोटोत यायचा नाही."

बाबा म्हणणारच! कबर उघडली की दुकान बंद. बाबांनी रांगेतल्या प्रत्येकीला हेच सांगितलं होतं आणि एकीनेही सही केली नव्हती. तीस पोरं आपापल्या नावाला कायमची मुकणार होती, कारण एका माणसाला दर रविवारी पाकिटं वाटायची होती. त्या दिवशी माझी तळपायाची आग मस्तकात गेली, तीही एक वर्ष उशिरा.

महिन्यातला शेवटचा रविवार उजाडला. फाटकाशी तीच गर्दी, तीच रेटारेटी. मी पुढे झालो.

"बाबा, एक शंका आहे. दुसऱ्या ओळीतले पंधराही आत्मे तुम्हाला भेटले. पहिल्या ओळीतला एकही नाही. ती पोरं काय मुकी आहेत?"

बाबा गालात हसले. "प्रत्येक आत्म्याची वेळ असते, मामा."

"वेळ नाही, कुंपण असतं. दुसऱ्या ओळीच्या मागे काळं कुंपण आहे. पहिलीच्या मागे पांढरी भिंत. पांढऱ्यावर तुमचा आत्मा दिसत नाही, धुऊन जातो. बरोबर?"

गर्दीत कुजबुज झाली. एक म्हातारा खेकसला, "अहो, दुसऱ्याच्या सुखात माती का कालवता?"

मी पिशवीतून एक फोटो काढला आणि उंच धरला. माळ्याची रिकामी ढकलगाडी, मागे तेच काळं कुंपण, आणि कुंपणात धुरासारखा फिकट, स्वच्छ ओळखू येणारा चेहरा होता भिंगबाबांचा!

"बाबा," मी विचारलं, "तुम्ही कधी गेलात हो? आणि तुम्हाला ढकलगाडीत पुरलं कुणी?"

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं आणि हसू पसरत गेलं. बाबांचा चेहरा तोंडात मारल्यासारखा झाला.

मी माझा जुना कॅमेरा काढला, बाबांच्या कॅमेऱ्याचाच भाऊ. "नव्या कॅमेऱ्यात फोटो काढला की फिल्म पुढे सरकल्याशिवाय दुसरा निघत नाही. या जुन्यात तसं कुलूप नाही. हा खटका दाबला की फोटो पडतो. ही चावी फिरवली की फिल्म पुढे जाते. चावी फिरवलीच नाही तर? त्याच जागेवर दुसरा फोटो पडतो. फाटकावरच्या जाहिरातीतला बाबांचा चेहरा मी काळ्या कापडावर ठेवून टिपला. चावी फिरवली नाही. मग इथे येऊन ढकलगाडीचा फोटो काढला. काळं कापड फिल्मवर उमटत नाही, चेहरा तेवढा उमटतो आणि काळ्या कुंपणात जाऊन बसतो. तुम्ही दिलेल्या तसबिरी तीन दिवस काळ्या कापडात कशाला ठेवतात, कळलं आता?"

"चोराच्या उलट्या बोंबा!" बाबा कडाडले. "नकली करता येतं म्हणून अस्सल खोटं ठरतं का? खोटी नाणी असतात म्हणून खरं नाणं नसतं?"

आणि ताई पुढे आली. माझ्या बाजूने नव्हे. "बरोबर आहे त्यांचं," ती म्हणाली. "तुला लबाडी करता आली. त्यांनीही तेच केलं हे कशावरून?"

प्रश्न अगदी रास्त होता, मला आजही तिचा अभिमान वाटतो. गर्दीतल्या एकालाही तो सुचला नव्हता.

"ताई, स्टुडिओतला तो दिवस आठव. कॉलरचं बटण कुठे होतं?"

"तुटलं होतं. माझ्याकडेच आहे." तिने पर्स उघडली. आतल्या कप्प्यातून कागदाची पुडी काढली. सुट्टीवर आला की लावून द्यायचं म्हणून ठेवलेलं ते बटण ती तेव्हापासून घेऊन हिंडत होती. पांढरं, साधं, चार भोकांचं बटण.

"मग तसबिरीत कुठून आलं?"

"तू रंगवलंस."

मी भिंग तिच्या हातात दिलं. "आता सत्ताविसाचा फोटो बघ. भोकं मोज."

ती मोजत राहिली. एकदा, दोनदा. बाबांच्या कॅमेऱ्याची फिल्म मोठी, त्यात बारीकसारीक सगळं उतरतं. त्याचीच तर ते फुशारकी मारायचे.

"पाच," ती म्हणाली.

"माझ्या ब्रशची चूक आहे ती. त्याला आणि मलाच ठाऊक होती. ताई, आत्मा आला असता तर उघड्या कॉलरने आला असता. हा माझ्या रंगाचं बटण लावून आलाय. हा तो नाही. ही तुझ्या भिंतीवरची तसबीर आहे."

बाबा काहीतरी पुटपुटले, आत्म्याला आईने पाहिलेलंच रूप आवडतं वगैरे. कुणी ऐकलं नाही. दोन बायका त्यांच्याकडे आपापल्या तसबिरींबद्दल विचारायला धावल्या, तेवढ्यात बाबांनी काढता पाय घेतला. त्यांना कुणी धरलं नाही, शिक्षा झाली नाही. पुढच्या गावात चांदी आणि आत्मा विकत असतील.

ताईने भिंग मला परत दिलं. "तुला कधीपासून माहीत होतं?"

खोटं बोलता आलं असतं. "पहिल्या दिवसापासून."

"ज्या मेल्याने मला फसवलं तो परका होता," ती म्हणाली. "तू तर माझ्या पाठचा रे." आणि ती पायी निघून गेली. दुसऱ्या दिवशी तिने कचेरीत जाऊन सही केली, नमुना दिला. मला सोबत नेलं नाही. तिच्या मागोमाग बाकीच्याही गेल्या.

चार महिन्यांनी निकाल लागला. सत्तावीस नंबरला दुसऱ्याच एका आईचा मुलगा होता, आणि त्या आईला बाबांनी एकोणीस नंबर दिला होता. माझा भाचा बारा नंबरला निघाला. पहिल्या ओळीत, पांढऱ्या भिंतीपुढे. बारा आणि सत्तावीस अगदी समोरासमोर आहेत. ताई वर्षभर पायवाटेवर स्टूल टाकून सत्ताविसाकडे तोंड करून बसली, परक्याच्या मुलाला घरच्या गोष्टी सांगत राहिली. तिचा स्वतःचा मुलगा तिच्या पाठीमागे चार पावलांवर होता. ते वर्ष बाबांनी चोरलं, आणि मी पहारा दिला.

म्हणून हे लिहितोय. श्रद्धेच्या नावाखाली कुणी तुमच्या माणसाला फसवत असेल तर "तिला बरं वाटतंय ना" म्हणून गप्प बसू नका. खोट्या समाधानाचीही किंमत असते, आणि ती भरतो तो भोळाच माणूस. चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी एक प्रश्न विचारा, तुम्ही यायच्या आधी तिथे कुणी काय ठेवलं होतं?

बाराच्या दगडावर नाव कोरलं त्या दिवशी ताईने निरोप धाडला. पाच महिन्यांत पहिल्यांदाच. फोटो काढायला ये, जुना कॅमेरा आण. मी गेलो. तिने पुडीतलं बटण दगडाच्या पायथ्याशी ठेवलं, माती सारखी केली आणि बाजूला झाली. मी कॅमेरा पोटाशी धरून मान खाली घातली.

"थांब," ताई म्हणाली. "चावी फिरवलीस का?"

मी तिच्यासमोर चावी फिरवली. मग तिने मान हलवली आणि मी खटका दाबला. फोटोत दगड आला, नाव आलं, मागची पांढरी भिंत आली. दुसरं काहीही आलं नाही.